बदकाच्या तळव्याला काळी खपली, लंगडते आहे. घरी काय करता येईल?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली. घरामागच्या खळ्यात नऊ बदकं आहेत. सात खाकी कॅम्पबेल, दोन पांढरी पेकिन. आखाजीच्या आधी खळ्यात कोबा करून घेतला, पावसाळ्यात चिखल नको म्हणून. मधोमध गुरांचा जुना हौद आहे, तोच यांचा तलाव.

पांढऱ्यांतली मोठी मादी पोळ्याच्या आठवड्यापासून डावा पाय उचलून चालते. कुंपण बाभळीच्या फांद्यांचं आहे, म्हणून काटा असेल असं वाटलं. काल संध्याकाळी तिला पंच्यात गुंडाळली आणि मुलाला मोबाइलचा उजेड धरायला लावला. पंजाच्या मधल्या गादीवर तुरीच्या दाण्याएवढी काळी खपली आहे. कडेची कातडी ताणलेली, चकचकीत. बोट लावलं तर उजव्या पायापेक्षा गरम लागते. दाबलं की पाय झटकते. पू अजिबात नाही. खाते, पण सगळ्यांच्या मागून येते आणि बसून खाते. अंडं देते, रोज नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "काटा भरना व्हई, बिब्बा लाई दे." मिस्टर म्हणतात ब्लेडने खपली काढून टाकू. बैलाच्या दुखण्याचं औषध घरात शिल्लक आहे, त्यातलं थोडं द्यावं का? एका गुरांच्या दवाखान्यात विचारलं तर हसले, म्हणे बदकाला कसला दवाखाना, कापून खा. अंडी घरात मुलं खातात, शेजारी पण नेतात, म्हणून जास्त काळजी. पाण्यात सोडू की नको, तेही सांगा.

रावेरचा केळीवाला

आमच्या कोंबडीला असंच झालं होतं. हळद-तेल लावून चिंधी बांधली, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यात पाय बुडवला, बरी झाली. नाहीच जमलं तर दवाखान्यातल्या माणसाचं ऐका भो, रविवार लांब नाही.

वाघूरचा आप्पा

ताई, आधी बिब्बा उचलून ठेवा. माणसाच्या टाचेची कातडी जाड, तिला बिब्ब्याचा चटका सोसतो, तरीसुद्धा कित्येकांच्या अंगावर फोड उठतात. बदकाचा तळवा मऊ. कोंबडीपेक्षाही मऊ, कारण तो पाण्यात आणि चिखलात चालायसाठी आहे. बिब्बा, रुईचा चीक, तापवलेल्या सळईचा डाग, यातलं काहीही केलंत तर आहे त्या जखमेत भाजल्याची भर पडेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे बंबलफूट वाटतं. तळव्याला बारीक चीर पडते, काटा लागतो किंवा एकाच जागी घासून कातडी झिजते. मग स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात. हे जंतू कातडीवर, विष्ठेत, ओल्या पेंढ्यात कायम असतात. खपली म्हणजे वरचं झाकण, खरा प्रकार खाली असतो. पू नाही म्हणून हलकं समजू नका. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, आतल्या आत घट्ट पिवळसर गाठ बनते. गळू पिकेल, फुटेल, निचरा होईल, या आशेवर बसलात तर गाठ वाढत वाढत हाडापर्यंत जाते.

ब्लेडला मात्र हात लावू नका. त्या गादीत रक्तवाहिन्या भरपूर, खाली लगेच शिरा आणि हाडं. गाठ मोठी असेल तर ती काढायचं काम डॉक्टरचं, भूल देऊन. तुमची खपली अजून लहान आहे, म्हणजे घरच्या उपायाला वाव आहे.

चार लिटर कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम. त्यात अर्धी वाटी एप्सम सॉल्ट टाका. हे म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच. केळीला टाकायला घरात पोतं असेल, पण खताचं वापरू नका, औषधाच्या दुकानात पुडी स्वस्त मिळते. पाय आधी साध्या पाण्याने आणि साबणाने धुवायचा, मग १० ते १५ मिनिटं यात बुडवून ठेवायचा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब लागतील. बदक पाण्यात उभं केलं की पहिली चोच खाली घालतं, तेव्हा डोकं धरायला दुसरं माणूस हवं. नंतर पाय स्वच्छ फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करा. बोटांमधल्या पडद्यात ओल राहते, ती नीट टिपा. त्यावर बेटाडीन पाण्यात पातळ करून लावा, फिकट तपकिरी रंग येईल इतकं. रोज असं केलंत की खपली मऊ पडते. अंगठ्याने हलकं लोटल्यावर आपसूक सुटली तर सुटू द्या. नाही सुटली तर उद्या. रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा, दोनचार मिनिटं उचलून बघू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघण्याची पुष्कळांना हौस असते. एखाद्या वेळी घाण काढायला ठीक, रोज ओतलंत तर भरत आलेली कातडी जळते. हळदीबद्दल केळीवाल्यांशी माझं भांडण नाही, पण भुकटी उघड्या जखमेत भरली की तिचा आणि मातीचा थर एक होतो, खाली काय चाललंय ते दिसत नाही.

मलम घेताना डबीवरचं बारीक अक्षर वाचा. खाज-नायट्यासाठी घरोघर जी ट्यूब असते तिच्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं. ती स्टेरॉइडं आहेत, जखम भरू देत नाहीत. लिग्नोकेनसारखं बधिर करणारं काही असलेलंही नको, एवढ्याशा जिवाला त्याचं प्रमाण सहज जास्त होतं. साधं म्युपिरोसिन चालतं, वाटाण्याएवढं पुरे. वर गॉजची घडी, मग पट्टी. पट्टी बोटांच्या मधून काढून घोट्याभोवती आणि परत बोटांत, अशी फिरवा. घट्ट नको. संध्याकाळी बोटांची टोकं गार पडली किंवा सुजली दिसली तर लगेच सोडा.

आता मुख्य गोष्ट. मला तिच्या पायापेक्षा तुमच्या खळ्याबद्दल जास्त विचारायचंय. हौद जमिनीपासून किती उंच आहे? उतरायला फळी आहे का? कोबा घासून गुळगुळीत केलाय की झाडू मारल्यासारखा खरबरीत? खायला काय देता? आणि बाकीच्या आठांचे तळवे बघितलेत का? ही फक्त सगळ्यांत जड आहे म्हणून पहिली लंगडली असणार. खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपास असतं, पेकिन तीन-साडेतीनच्या पुढे जातं.

बोरीकाठची

आप्पा, हौद गुडघ्याच्याही वर आहे. चढायला एका बाजूला विटा रचल्या आहेत, पण उतरताना सगळी थेट कोब्यावर उड्या मारतात, धप्पकन आवाज येतो. कोबा खरबरीत आहे, घसरू नये म्हणून मुद्दाम तसा केला. उन्हाळ्यात तो तापायचा पण खूप, दुपारी पाणी मारायला लागायचं. खायला मक्याचा भरडा, बाजरी, उरलेली भाकरी.

आज सगळ्यांचे पाय बघितले. दोघींचे तळवे लालसर आहेत, खपली नाही. एका नराच्या मागच्या लहान बोटाला दोरा गुंडाळलेला निघाला, कशाचा कोण जाणे. तिथे करकोचा पडलाय, बोट काळपट दिसतंय. आणखी एक. कोंबडीखाली अंडी ठेवली होती, त्यातून आलेली चार पिल्लं वेगळी आहेत. त्यातलं एक बाक आलेल्या पायांनी चालतं, घोटा सुजल्यासारखा. त्यालाही हेच झालंय का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, तुम्हाला दवाखान्यात जे ऐकावं लागलं त्याचं वाईट वाटलं. बदकं आपल्या भागात कमी, हात बसलेला नसतो, हे कारण आहे, पण हसण्याचं कारण नाही. दुसरा दवाखाना बघा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. ही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे, फोन फुकट.

बैलाच्या औषधाचं आधी सांगतो. बाटलीवर डायक्लोफेनॅक लिहिलं असेल तर ते बदकाला तर नाहीच, कोणत्याच जनावराला देऊ नका. पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला ते घातक आहे. देशातली गिधाडं मेली ती हेच औषध दिलेल्या गुरांचं मढं खाऊन, आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. दुखणं कमी करायला पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण वजन करून, डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत. घरच्या घरी थेंब मोजू नका.

प्रतिजैविकांचंही तसंच. कुक्कुट खाद्याच्या दुकानात एन्रोफ्लॉक्सासिन मागितलं की देतात, लोक पिण्याच्या पाण्यात टाकून मोकळे होतात. आप्पांनी सांगितलेली घट्ट गाठ लक्षात घ्या, तिच्या आत रक्त फिरत नाही, मग औषध पोहोचणार कसं? गाठ काढल्याशिवाय नुसत्या औषधाने हे सहसा आटपत नाही. आणि औषध चालू असताना त्याचा अंश अंड्यात उतरतो. डॉक्टर जी मुदत सांगतील तोपर्यंत त्या मादीची अंडी मुलांना नाही, शेजाऱ्यांना नाही. सध्या तुम्ही फक्त एप्सम सॉल्टचं मीठपाणी आणि वरून बेटाडीन लावताय तर प्रश्न मोठा नाही, तरी उपचार चालू असलेल्या मादीची अंडी मी तरी वेगळी काढून टाकीन.

घरी कुठवर थांबायचं? सूज तळव्यावरून वर सरकली, बोटं किंवा घोटा गरम आणि फुगलेला झाला, खाणं सुटलं, पाय टेकवतच नाही, किंवा आठवडाभर नेटाने करूनही खपली तेवढीच राहिली, तर थांबू नका. सांध्यात शिरलेला संसर्ग नंतर आवरत नाही. हातमोजे घाला हो, हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. मुलाला फक्त उजेड धरू द्या.

पिल्लाचं दुखणं वेगळं आहे. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेल्या रूपात, अंगी फार थोडं लागतं. नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढलेल्या पिल्लाचे पाय असेच बाक धरतात, घोटे जाड होतात. शेंगदाण्याची पेंड कुटून खाद्यात मिसळा, मात्र बुरशी नसलेली. मिळालं तर ब्रूअर्स यीस्ट त्याहून उत्तम. लवकर सुरू केलं तर पुष्कळ सुधारतं, हाड वाकडं होऊन पक्कं झालं की नाही. आणि कपाशीवाल्या घरात सरकीची पेंड हाताशी असते म्हणून सांगतो, ती नको, तिच्यातलं गॉसिपॉल पक्ष्यांना बाधतं. पिल्लं गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवू नका, पाय फाकतात. खाली गोणपाट टाका.

वाघूरचा आप्पा

साहेबांनी औषधाचं काम संपवलं. आता दोरा.

काढला असेल तर पूर्ण काढला का ते भिंगातून बघा. नायलॉनचा धागा कातडीत रुतून वर नवी कातडी चढते, बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे वाघूरच्या पात्रात मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे, संक्रांतीनंतर मांजा आणि बारा महिने खताच्या पोत्यांच्या शिवणीचे दोरे, हे तीन वैरी. पोतं उसवलं की दोरा तिथंच टाकायची आपली सवय, आणि बदक चोचीने तोच ओढत बसतं. बोट काळपट पण अजून गरम आणि मऊ असेल तर बेटाडीन लावून वाट बघा. गार, कडक, सुकलेलं असेल तर ते गेलं. डॉक्टरला दाखवा, स्वतः कापू नका. मागचं लहान बोट गेलं तरी बदक ठीक चालतं.

आता तुमचा कोबा. गुडघाभर उंचीवरून साडेतीन किलोचं जनावर दिवसातून कितीदा तरी खरबरीत सिमेंटवर आदळतंय, तेही पाण्यात भिजून मऊ झालेल्या तळव्यावर. त्या दोघी लालसर तळव्यांच्या आहेत ना, त्या रांगेत उभ्या आहेत. उतरायच्या बाजूला रुंद फळी लावा, चढ अगदी सौम्य ठेवा आणि फळीला गोणपाट ठोका. खिळ्यांची डोकी खालच्या बाजूला. हौदाभोवती गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट अंथरा, भोकांची, म्हणजे पाणी साचणार नाही. नदीची बारीक वाळूही चालते. मुरूम आणि खडी नको, धारदार असते. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या काड्या असलेला कचरा तर मुळीच नको. आणि ते बाभळीचं कुंपण ताई, वाळलं की काटे आत गळणारच. आतून दोन हात जागा सोडून जाळी मारा, नाहीतर रोज झाडा.

खाण्यात हिरवं काहीच दिसलं नाही. बाजरीत अ जीवनसत्त्व नसल्यात जमा आहे, मक्यात थोडं असतं पण मका पिवळा असेल तर. ते कमी पडलं की कातडी कमकुवत होते, तळवे लवकर फुटतात. लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथी-पालकाची देठं बारीक चिरून पाण्यात टाका, तुटून पडतील. आणि भाकरीचा मारा कमी करा, वजन उतरलं की पायावरचा भारही उतरतो.

पाण्याचं विचारलं होतंत. जखम उघडी आहे तोवर हौद बंद. बदकांच्या पाण्यात त्यांचीच घाण असते, पट्टी त्यात भिजली तर न बांधलेली बरी. पण नाकपुड्या बुडतील एवढं खोल भांडं प्यायला हवंच, नाहीतर डोळे-नाक चिकटतील. एकटी ठेवू नका, झुरते. जाळीच्या पलीकडे बाकीची दिसतील अशी ठेवा, कोरड्या पेंढ्यावर. जखम भरून कातडी आली की मग स्वच्छ पाण्यात मुद्दाम सोडा, पोहताना पायावर वजन येत नाही आणि पाय मोकळा होतो.

नवापूरकर

आमच्याकडे भाताचं तूस मिळतं, आम्ही तेच टाकतो, पायाला मऊ. फक्त कोरडं हवं. पेंढा असो की तूस, बुरशीचा वास आला की सगळं बाहेर काढायचं, बदकांच्या फुफ्फुसाला बुरशी फार लवकर धरते. अमळनेरकडे गव्हाचा भुसा मुबलक, तो वापरा.

एक वेगळी गोष्ट. २००६ च्या फेब्रुवारीत देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात, २०२१ मध्ये पुन्हा आला. तेव्हापासून इथे कोणाचं बदक लंगडलं तरी शेजारी लांबून जातात. ताईंच्या शेजाऱ्यांनी विचारलंच तर सांगा, एका पक्ष्याच्या एका तळव्याला खपली हा तो रोग नव्हे. पण मान वाकडी होते, पक्षी गोल फिरतात, पायाच्या नळ्या लाल-निळ्या पडतात, दोनचार एकदम मरतात, असं दिसलं तर तिथे मीठपाण्याचा प्रयोग करायचा नाही. हात लावायचा नाही, लगेच पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना बिब्ब्याचं पटलं नव्हतं, पण चार लोकांनी लिहिलंय म्हटल्यावर गप्प झाल्या. बाटली बघितली, तेच औषध निघालं, टाकून दिलं. फळी आजच लावली.

पट्टीचा त्रास आहे. तासाभरात पाण्याच्या भांड्यात पाय घालते आणि भिजवते. काही युक्ती?

वाघूरचा आप्पा

भांडं उंचावर ठेवा, विटेवर. चोच पोहोचेल, पाय नाही. तोंडाला जाळीचा तुकडा बसवा, मधून डोकं जाईल एवढाच. त्यातूनही भिजलीच तर ओली पट्टी अंगावर सुकू देऊ नका, सोडा, पाय टिपा, नवीन बांधा. वरून सायकलच्या ट्यूबचा मोजा शिवून घालणारेही आहेत, पण आत घाम धरतो. बाहेर सोडताना तेवढ्यापुरता घाला, रात्री काढा. आणि खपली सुटल्यावर तळव्याचा फोटो टाका, दिवसाच्या उजेडात काढलेला. खाली गाठ उरली की नाही ते त्यावरून सांगता येईल.